थाळीतली लढाई

एकोणीसशे नव्व्याण्णवचा जून. माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी दवनीवाड्याला आमच्या घरी आली होती. सातवा महिना लागला होता. तिचा नवरा, म्हणजे आमचे जावई, फौजेत होते आणि सीमेवर लढाई सुरू होती. त्यांचं शेवटचं पत्र येऊन चोवीस दिवस झाले होते. बहिणीचं जेवण तुटलं होतं. ज्या महिन्यात वजन वाढायला हवं, त्या महिन्यात तिचं दीड किलो कमी झालं. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला खाऊ घाला. कसंही करून."

जावई सुखरूप परत आले, हे आताच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवणं मला आवडत नाही. पण जूनमध्ये ते आम्हाला माहीत नव्हतं.

मी तेव्हा पाटबंधारे खात्यात तलावांची पातळी मोजून लिहायचो. न पाहिलेला आकडा अंदाजाने लिहायचा नाही, ही सवय तिथली. दुसरी सवय विहारातली. दर वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात ग्रंथवाचन असतं आणि कित्येक वर्षं ते माझ्याकडे होतं. मी एकही शब्द गाळत नाही, अशी माझी ख्याती होती. म्हाताऱ्या बाया त्यावरून चिडवायच्याही. वाचून झालं की ऐकणाऱ्यांनी एकेक करून अर्थ सांगायचा, हा तिथला रिवाज.

बहिणीचं मन रमावं म्हणून मी गोंदियाच्या वाचनालयातून एक जाडजूड हिंदी पुस्तक आणलं. राण्या, जादूगार, उडते घोडे; पाचशे ब्याऐंशी पानं. संध्याकाळी कामावरून आलो की ओसरीत वाचायचो. माय आणि शेजारची मावशी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या, बहीण कैचीने तेंदूची पानं कापून द्यायची. वाचन चांगलं चाललं की हात आपोआप मंद व्हायचे.

एकशे चाळिसाव्या पानावर राणी काशाच्या थाळीत पाणी भरून बघते. तिचा नवरा लढाईवर गेलेला असतो. पाण्यात आधी एक गाव जळताना दिसतं, मग नदीकाठची सात, मग एकोणीस. पुढे तिला मोजता येत नाही. सूर्य मावळेपर्यंत आग समुद्राला पोचते. आणि अगदी शेवटी दोन ओळी होत्या: घाटाखाली चिखलात तिच्या नवऱ्याची ढाल पडलेली, आणि आसपास कोणी नाही.

त्या दोन ओळी माझ्या डोळ्यांना आधी दिसल्या. मी त्या वाचल्या नाहीत. सरळ पुढच्या परिच्छेदावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा.

मग रिवाजाप्रमाणे अर्थ सुरू झाला. मावशी म्हणाली, "थाळीत दिसलं ते होनारच. ते काय टळते का?"

माय म्हणाली, "पान्यात दिसते ते हलते. हलत्या गोष्टीचा काय भरोसा?"

मी हिशेब मांडला. पुस्तकातल्या नकाशावर पहिलं गाव ते समुद्र नव्वद कोस. हत्ती, बैलगाड्या घेऊन फौज दिवसाला पाच कोस चालली तरी अठरा दिवस लागतात. मग सूर्य मावळेपर्यंत समुद्र कसा गाठला? "म्हणजे राणीला फौज दिसत नाही," मी म्हणालो. "भीती दिसून राहिली. तेवढ्या वेगानं तीच चालते." नुकतंच तसं घडलंही होतं. बसस्टँडवर कोणीतरी म्हणालं होतं की शेजारच्या गावात एका जवानाची शवपेटी आली. दुपारपर्यंत ती बातमी चार गावं फिरली, आणि खोटी निघाली.

"पाह्य, यानं राणीची बी लेव्हल काढली," मावशी म्हणाली. माय हसली. बहीण हसली नाही. तिने कैची खाली ठेवली आणि आत गेली.

त्या दिवसापासून तिचं जेवण जवळजवळ थांबलं. आधी दोन वेळा मिळून वाटीभर भात तरी जायचा. आता पेजेचे चार घोट. मला कळेना. माझा अर्थ तर धीर देणारा होता.

तिसऱ्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलं तेव्हा ती माझ्यासमोर येऊन बसली. "भाऊ, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तुले त्यायचं काही समजलं का?"

"नाही. काहीच नाही. काऊन?"

"मंग ढाल काऊन सोडली?"

मायचे हात थांबले. बहीण म्हणाली, "तू आफिसात गेला का मी दुपारी पुढचं वाचते. ते पान मी चार दिवस आधीच वाचलं होतं. म्हटलं, भाऊ वाचते तेव्हा पाहू. विहारात तू एक शब्द सोडत नाहीस. इथं दोन ओळी सोडल्या. मले वाटलं, तुले बातमी आली अन् तू लपवून राहिला."

तिला घाबरवू नये म्हणून मी जे गाळलं, त्यानेच ती तीन दिवस नवऱ्याला मेलेला धरून बसली होती. पुस्तकाने तिला ढाल दाखवली होती. मरण मी दाखवलं.

मी विहाराची शपथ घेऊन सांगितलं की मला काहीही कळलेलं नाही, आणि कळलं तर चांगलं असो की वाईट, त्याच दिवशी, त्याच शब्दांत सांगेन. मग एकशे चाळिसावं पान काढून त्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या.

या वेळी अर्थ आधी बहिणीनेच सांगितला, "ढाल दिसली तिले. मानूस नाही दिसला. ढाल जड असते. टाकून पुढं गेले असतील."

"पळाले म्हन," मावशी म्हणाली. "पन आपले जवाई पळनाऱ्यातले दिसत नाहीत वो."

"पळाले तं पळाले, मावशी. घरी तं येतीन."

यावर सगळ्याच हसल्या. माय उठली आणि न विचारता भात, वरण, चटणी ताटात घेऊन आली. बहिणीने ताट पुढे ओढलं. "तू वाच," ती मला म्हणाली. "सगळं वाच."

मी वाचत गेलो. पुढे राणीच्या नवऱ्याचा एक हात लढाईत तुटतो. त्या ओळीपाशी माझा आवाज अडखळला. तिने घास तोंडात असतानाच मानेने खूण केली, आणि मी ती ओळ सुरुवातीपासून पुन्हा वाचली.