सोमवारचा शिक्का

नियम मोडणारे मी पुष्कळ पाहिले, पाळणारेही थोडेफार पाहिले. पण नियमावर जीव जडलेला माणूस उभ्या आयुष्यात एकच भेटला. बंगळूरच्या विद्यापीठात आम्ही दोघं संशोधक विद्यार्थी, वसतिगृहात एकाच खोलीत राहायचो. ते निपाणीकडचे, माझ्याहून चार वर्षांनी मोठे, म्हणून सगळे त्यांना अण्णा म्हणत. हेब्बाळच्या तळ्यातल्या शेवाळावर त्यांचा प्रबंध चालला होता. सत्तर सालाच्या सुमाराला विद्यापीठाने टूम काढली, की डॉक्टरेट करणाऱ्यांनी वर्षभर, आठवड्यातले तीन दिवस कुलसचिवांच्या कचेरीत बसून कारभार शिकावा. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. अण्णा मात्र पहिल्या दिवशी असे खुलून परतले, की मला वाटलं मुलगी पाहून आले.

त्या दिवसापासून आमच्या खोलीची कचेरी झाली. माझ्या आईच्या पत्रावरही आवक क्रमांक पडू लागला, आणि आठवड्याने 'उत्तर पाठवले काय?' अशी चिठ्ठी माझ्या टेबलावर येई. खिडकीतल्या शेवाळाच्या बाटल्यांना सुवाच्य लेबलं लागली. आतलं पाणी तेवढं आटत चाललं. मेसचं सांबार पातळ होऊ लागलं, तेव्हा अण्णांनी रीतसर फाइल उघडली आणि पुरावा म्हणून परीक्षानळीत सांबार भरून, बूच लावून तिला जोडलं. आचाऱ्याने धसका घेऊन दुसऱ्या दिवशी असं सांबार केलं, की त्यात डाव उभा राहिला. "कारभार म्हणतात तो हाच की!" म्हणत अण्णांनी फाइल बंद केली.

पुढे त्यांच्यावरच वेळ आली. प्रबंधाला मुदतवाढ मिळाली नाही तर त्यांची नोंदणी रद्द होणार होती, आणि मुदतवाढीचे अर्ज घेण्याचं काम नेमकं त्यांच्याकडेच होतं. अर्ज घेण्याच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, दिवसभर ते इतरांच्या राहिलेल्या सह्या शोधत बसले; स्वतःचा अर्ज पिशवीतच राहिला. सोमवारी तो सापडला. अण्णांनी त्यावर सोमवारचा शिक्का मारला, 'मुदतीनंतर आला, विचार करता येत नाही' असा शेरा स्वतःच्या हाताने लिहिला आणि कागद वर पाठवून दिला. कुलसचिवांनी शेरा वाचून सही केली; अर्जदाराचं नाव त्यांनी नंतर पाहिलं.

मी संध्याकाळी भडकलो. "अहो अण्णा, शनिवारची तारीख घालायचीत! शिक्का तुमच्याच हातात होता."

"म्हणून तर की रे! दुसऱ्याच्या हातात असता, तर पाया पडून बघितलं असतं."

प्रबंध गेला तो गेलाच. कुलसचिवांनी मात्र असा माणूस सोडला नाही, कायमचा कचेरीत ठेवून घेतला. मग दर वर्षी मुदत जवळ आली की अण्णा सायकलवरून साऱ्या प्रयोगशाळा पालथ्या घालत आणि आळशांना गाठून सह्या घेत. "स्वल्प आधी दे की, तुझं काय जातंय?" मी त्या आळशांचा मुकुटमणी. माझा अर्ज त्यांनी न्हाणीघराच्या दारात उभं राहून भरून घेतला.

पदवी मिळाली त्या दिवशी कॉफी पिताना मी धीर करून विचारलं, "अण्णा, वाईट वाटतं का हो?"

"दोन महिने वाटलं. मग तुमचे सगळ्यांचे अर्ज यायला लागले की," ते म्हणाले आणि माझं प्रमाणपत्र पुन्हा एकदा, शिक्क्यासकट, वाचू लागले. त्यांचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. मला आजही कुणी डॉक्टर म्हणून हाक मारली, की आधी तेच आठवतात, आणि ओ द्यायला क्षणभर उशीर होतो.