दारात अडलेला उखाणा

हळदीच्या आदल्या दिवशी धाकट्या नणंदेनं मोबाईलवर उखाणे धाडले. एआयकडून करून घेतलेले. खाली लिहिलं होतं, 'वहिनी, यातला एक पाठ करा. दारात रील काढायचीय.'

मला असा राग आला म्हणता! अहो, आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात लग्न असो, बारसं असो, बाया मलाच पुढं ढकलायच्या. 'हिला सुचतंय, हिला इचारा.' मी जागच्या जागी जोडून द्यायचे. आणि माझ्याच लग्नात उसना उखाणा? एकात तर समुद्राच्या लाटा होत्या. सासरच्या शिवऱ्यात कुठनं आला समुद्र? पहिला उखाणा सासर जन्मभर ध्यानात ठेवतं. सून कशी आहे, ते त्यावरनंच ठरवतं. मी फोन लावला. नणंद भोरच्या कॉलेजात शिकते, तोंडाची फटकळ. म्हणाली, "आमच्यात सगळ्याच असं करत्यात. तुमाला सुचतं म्हणून एवढा तोरा. जिला सुचत न्हाई तिनं काय मुक्यानं लग्न करायचं?"

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पाठ मात्र एकही केला नाही.

लग्न लागलं, वरात शिवऱ्यात पोचली. उंबऱ्यावर तांदळाचं माप, आणि नणंद दार अडवून उभी. नाव घेतल्याशिवाय नवरीला आत सोडायचं नाही, ही रीतच. मी सुरू केलं, "डोंगर सुटला, घाट सुटला, हायवेला लागली गाडी..."

आणि अडले. पुढचं काही येईचना! ऊन तापलेलं, बाया कुजबुजायला लागलेल्या, नवरा बिचारा जमिनीकडं बघत. नणंदेनं हळूच मोबाईल माझ्याकडं फिरवला. तयार उखाणा, मोठ्या अक्षरांत.

"घ्या की वहिनी. कुणाला कळतंय?"

मला कळत होतं ना! मी मान फिरवली आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं.

"डोंगर सुटला, घाट सुटला, हायवेला लागली गाडी,
...रावांचं नाव घेते, दार सोडा नणंदबाई, घामानं भिजली साडी!"

बायांत एकच हशा पिकला. सासूबाई म्हणाल्या, "सोड गं दार, खरंच भिजलीया पोर!"

नणंद हलली नाही. तिची रील बिघडली होती.

"आणि सुचलंच नसतं तर?"

"तर हितंच उभी ऱ्हायले असते," मी म्हणाले. "नवरा माझा हाय. नाव बी मीच घेणार."

आणि मी माप लवंडलं.