माइक चालूच होता

"या बाया डोळ्यात वाटेल ते टाकतात, सडवून घेतात आणि मग आमच्या माथी येतात. नेक्स्ट."

अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं हे मला नव्हतं सांगितलं. पडद्यावर त्याच्या शेजारी कुणी बसलं होतं, त्याला सांगितलं. पण माइक चालूच होता. अंजनगावच्या पडद्यावरून डोळे तपासायच्या केंद्रात बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. दोघी हसल्याही.

माझी हनुवटी अजून यंत्रावर टेकलेली होती.

पानमळ्यात वेल आधाराच्या शेवरीला बांधताना तिची काडी डोळ्यात गेली होती. मी डोळ्यात काहीच टाकलं नव्हतं. यंत्रावरच्या मुलीनं फोटो पाठवला, बुबुळावर पांढरा ठिपका आहे म्हणून सांगितलंही. तो मान खाली घालून मोबाइल बघत होता. डोळे आलेत म्हणाला, थेंब सांगितले. मी "साहेब, काडी..." म्हणेपर्यंत पडदा काळा.

थेंब टाकत राहिले. दुखणं डोक्यात चढलं, तेव्हा अकोला गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काडीमुळे बुरशी धरली, थेंब चुकीचे होते, आधी यायला हवं होतं म्हणाल्या. बुबुळ पांढरं झालं ते झालंच. त्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो.

घरचे नशीब म्हणाले. मीही तेच म्हणायचे. चूक माझीच असल्यासारखी चारचौघांत पदर पुढं ओढायचे.

मग केंद्रात कार्यक्रम ठरला. तो डॉक्टर स्वतः येणार, गावातल्या पेशंट बाईनं हार घालायचा. मला निरोप आला, चांगली साडी नेस, आणि गॉगल लाव.

गॉगल. डोळा त्यानं घालवला आणि झाकायचा मी. तिथं माझं डोकं फिरलं.

गेले. तशीच गेले. हार टेबलावर ठेवला, माइक घेतला.

"मले ओयखलं काय?"

तो हसून नाही म्हणाला.

"मंग पाहा. तवा नाई पायला, आता पाहा माहा डोया. म्या याच्यात काईच टाकलं नोतं. जे टाकलं ते तुमी सांगतलं होतं."

कुणीतरी खाली उतरा म्हणालं. उतरले नाही. तो खाली बघू लागला. खाली बघणं त्याला येतच होतं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. पण तेवढ्यानं भागलं नाही.

बायका म्हणाल्या, ते केंद्रच बंद पाड. का म्हणून पाडू? अमरावतीला जायचं तर मजुरी बुडते, सोबत माणूस लागतं. तो पडदा आमचा आहे. आता भाजी विकणारी जुबेदाचाची असो की कुणी, कॅमेऱ्यासमोर बसली की मी तिला खेटून बसते. पदर मागं. त्याला दोघींचे चेहरे दिसतात. मान वर करून विचारावं लागतं, काय लागलं, कधी लागलं. आवाज मऊ झालाय त्याचा. त्या मऊपणाला मी भुलत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

परवा त्यानं यंत्रावरच्या मुलीला सांगितलं, त्या बाईंना बाहेर बसवा, मला अवघडल्यासारखं होतं.

मी तिथंच होते. माइक चालू होता.

"त्याले सांग," मी मुलीला म्हटलं, "अवघडू दे. मी उठत नाई."