साहेबाची रिकामी पिशवी

आज सकाळी भाजीगल्लीत एक रिकामी पिशवी बघितली आणि जिवाला बरं वाटलं. अतिक्रमणाच्या गाडीवरच्या साहेबाची पिशवी. त्याच्या माणसांनी माझ्या बायकोची, सुमनची, भाजीची पाटी गाडीत फेकली होती. ती मागं धावली, पडली, खुबा मोडला. दोन महिन्यांत गेली.

आता साहेब रविवारी भाजीला येतो. आजही आला.

"मेथी कशी, मावशी?"

"संपली," पहिल्या पाटीवरची शांताबाई म्हणाली. पुढ्यात हा ढीग.

"मग हे काय?"

"हे अतिक्रमण हाय साहेब. हात नका लावू."

गल्ली हसली. पुढच्यानंही संपली म्हणून सांगितलं, त्याच्या पुढच्यानंही.

हे कुणी ठरवून दिलं नाही. इथं पुढारी नाही, कायदा नाही. सुमनची जागा कुठल्या कागदावर नव्हती, तरी तिच्या गोणपाटावर आजून कुणी धंदा मांडत नाही. सरकार नसलं की लोक एकमेकांना खातात म्हणे. माझ्या बायकोला तर सरकारनंच खाल्लं.

त्या गोणपाटावर मी बसतो. साहेब माझ्यापुढं थांबला.

"बाबा, तुम्ही काय विकता?"

"काही नाही."

त्यानं मला ओळखलं नाही. ओळखेपर्यंत बसणार आहे.