दोरा की ऑपरेशन

चिखलीहून बुलढाण्याला निघालेल्या एसटीत समोर सीट रिकामी असूनही तो उभाच होता. दर खड्ड्याला डोळे मिटायचा आणि शर्ट मागून खाली ओढायचा.

कंडक्टरबाई ओरडल्या, "बसा ना हो!"

त्याने शेजारी उभ्या असलेल्या मलाच सीट दाखवली. मी नको म्हटलं, तसा तो जवळ सरकून कुजबुजला, "भगंदर हाय, भाऊ. दवाखान्यात त्याच्यावर संशोधन चालू हाय. चिठ्ठी निघन तसं कोनाले औषधी दोरा बांधतात, कोनाचं ऑपरेशन करतात. कोन्तं बरं, हे डॉक्टरलेबी अजून मालूम नाई. आज माही चिठ्ठी निघनार, मंग मी देवाले मांगू तरी काय?"

बुलढाण्यापर्यंत ती सीट रिकामीच राहिली.

माझीही चिठ्ठी आजच निघणार होती.