सांगितलं न्हाई असं म्हणू नका

बोलायच्या आधी तो टेबलावर दोन बोटांनी दोनदा टकटक करायचा. टेबल नसलं तर भिंतीवर, जीपच्या पत्र्यावर, एकदा तर चक्क फौजदारानं काउंटरवर ठेवलेल्या हेल्मेटवर. मग घसा खाकरून जे सांगायचं ते सांगायचा आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकायचा, "सांगितलं न्हाई असं म्हणू नका!"

कमलनगरात माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मशिनी गेल्या, कॉम्प्युटर आले, पाटी तीच राहिली. तो माझ्याकडे शिकवायला होता. मला अक्का म्हणायचा आणि माझं ऐकायचा. हे दुसरं लिहिताना आज हात अडखळतो. का ते पुढं येईलच.

असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. घरचं काम पडून आणि गावाची उठाठेव डोक्यावर. ह्याची उठाठेव जरा वेगळी होती. देशोदेशीच्या हौशी मंडळींनी मिळून एक सॉफ्टवेअर केलं होतं. मराठी, कानडी, उर्दू, हव्या त्या लिपीत लिहा, याद्या ठेवा. मालक कुणीच नाही. कुणीही घ्यावं, आत उघडून बघावं, सुधारावं. करणारे पुष्कळ होते, लोकांना सांगणारं कुणी नव्हतं. ह्यानं त्यांना मेल टाकला की आमच्या भागात सांगायचं काम मी करतो. त्यांनी कळवलं, पगार नाही. ह्यानं कळवलं, मी विचारलाय का?

झालं. दर बाजारच्या दिवशी खांद्याला पिशवी, पिशवीत सीड्या आणि एक लाल वही. कुणाला सीडी दिली, कोणत्या गावाला, सगळं वहीत. पेपरांना बातम्या पाठवायचा, त्याही स्वतःच्या हातानं लिहून. उदगीरच्या एका पेपरनं 'सीडी'चं 'सीड' समजून त्याची बातमी 'मोफत बियाणे वाटप' या मथळ्याखाली छापली. दुसऱ्या दिवशी चार शेतकरी जमिनीच्या पहाणीचे उतारे घेऊन माझ्या दारात! हा बहाद्दर हसला नाही. चौघांना बसवून चहा पाजला, खऱ्या बियाण्यासाठी चौघांचे अर्ज टाइप करून दिले आणि जाताना चौघांच्या हातात सीडी ठेवली. त्यांच्या घरात कॉम्प्युटर सोडा, वीजसुद्धा धड नव्हती.

एकदा जीपमध्ये एका म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, "फुकट कामून देयलास रं? काय तरी खोट असंल."

ह्यानं पत्र्यावर टकटक केली. "खोट निघाली तर पयल्यांदा मीच सांगत यीन, अप्पा. सांगितलं न्हाई असं म्हणू नका."

जीप हसली. मीही हसले. ते वाक्य इतकं खरं होऊन अंगावर येईल हे कुणाला माहीत होतं?

त्याच्या वडिलांना मात्र हे बिलकूल पसंत नव्हतं. ते निवृत्त मास्तर, शब्दाचे कडक. त्या टकटकीचं मूळ मला त्यांच्याकडूनच कळलं. त्याचे आजोबा हलगीवर दोन ठोके मारून गावाची दवंडी द्यायचे. कुणी मेलं की मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव त्यांनीच पळायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी आजोबांनी हलगी विहिरीत टाकली. "माझ्या बापानं जे टाकलं ते तू परत उचललास," मास्तर त्याला माझ्यासमोर म्हणाले. "फुकट ओरडत हिंडायलास."

"बाबा, त्यांला जावं लागायचं," तो म्हणाला. "मी माझ्या मनानं जातो."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि ते निघून गेले. त्यानंतर कितीतरी महिने त्यांनी इन्स्टिट्यूटची पायरी चढली नाही.

त्याच सुमारास त्यानं हुमनाबादकडच्या निर्णा गावातल्या एका मंडळाला रक्तदात्यांची यादी करून दिली. मंडळाचा सेक्रेटरी तिथल्या दूध डेअरीत होता, कॉम्प्युटरही डेअरीतलाच. आमच्या सीमेवरच्या मुलखात नाव ज्याचं त्याच्या लिपीत लिहायची रीत. सह्या तशाच, लग्नपत्रिका तशाच. ह्यानंही यादी तशीच केली. कुणाची ओळ मराठीत, कुणाची कानडीत, कुणाची उर्दूत. रक्ताचा गट आणि फोनचे आकडेसुद्धा ज्याच्या त्याच्या लिपीत. लोक स्वतःचं नाव पडद्यावर बघायला डेअरीत यायचे. सेक्रेटरी इतका खूश झाला की त्यानं जुनी कागदी वही रद्दीत देऊन टाकली.

मग एका सोमवारी सकाळी मी माझ्याच इन्स्टिट्यूटची, तशीच तीन लिप्यांतली यादी उघडली. नावं नव्हती. नावांच्या जागी नुसते चौकोन, ओळीच्या ओळी, रिकाम्या कोनाड्यांसारखे. मी त्याला हाक मारली. तो आला, वाकून बघितलं, आणि त्याचा चेहरा असा उतरला की मीच घाबरले.

त्यानं लगेच मेल टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एका फाइलीत तीन लिप्या कुणी ठेवील हे आमच्या ध्यानातच आलं नाही, त्यांनी लिहिलं होतं. खोट नव्या सीडीत आहे. तिच्यावर अशी फाइल उघडली की फाइल कायमची बिघडते. दुरुस्तीला वेळ लागेल. तोवर सगळ्यांना ताबडतोब सांगा, जुनी सीडी घालून याद्या कागदावर छापून घ्या.

आणि नवी सीडी तर ह्यानं महिनाभर आधी वहीतल्या प्रत्येक गावाला स्वतः नेऊन दिली होती.

त्यानं चपला घातल्या. "अक्का, निघायलो मी. आधी निर्ण्याला. तितं रक्ताची यादी हाय."

आता माझं ऐका. त्या रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये त्याच सॉफ्टवेअरचा मोठा कार्यक्रम ठरला होता. पेपरवाले येणार, गावोगावचे हेडमास्तर येणार, माझ्या इन्स्टिट्यूटचं नाव बॅनरवर. आणि कधी नव्हे ते त्याचे वडील यायला तयार झाले होते. मी म्हणाले, "अरे बस! तोंडावर कार्यक्रम आणि आपणच आपल्या नावानं बोंब मारायची? रविवार होऊ दे. पाच दिवसांत काय आभाळ कोसळायलंय?"

"निदान फोन तरी लावतो."

"एकाला फोन केलास की संध्याकाळपर्यंत गावभर होतंय. बाबा येणार आहेत ना तुझे? बस खाली."

त्यानं टेबलावर दोनदा टकटक केली. मी वाट बघितली. तो काहीच बोलला नाही. चपला काढल्या आणि मुलांना शिकवायला बसला.

रविवारी हॉल भरला. मास्तर पहिल्या रांगेत, पांढरा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. त्यानं पडद्यावर यादी करून दाखवली. फक्त मराठीतली. का ते हॉलमध्ये दोघांनाच कळलं, त्याला आणि मला. मग मागून एका हेडमास्तरांनी विचारलं, "सर, सगळं चांगलं हाय, पण ह्याच्यात खोट काय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी वर पंख्याकडे बघत राहिले.

"काय न्हाई," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. मास्तर उठून स्टेजपाशी आले, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसले. त्या दिवशी तो त्याचं ते ठरलेलं वाक्य म्हणायला विसरला. विसरला कसला!

आम्ही चहा घेत असतानाच फोन वाजला. निर्ण्याचा सेक्रेटरी होता, आणि इतका ओरडत होता की शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू येत होतं. "सर, नावं दिसंनात! नुसते चौकोन! बाई बाळंत झालीय, रक्त थांबंना. ओ निगेटिव्ह पायजे, कोण हाय सांगा!"

हा भिंतीला टेकला आणि डोळे मिटून आठवायला लागला. चार नावं सांगितली. त्यातली दोन चुकीची निघाली, एक माणूस पुण्याला कामाला गेलेला, एकाचा फोन लागेना. दुपार गेली. दिवस मावळायच्या आत बाळंतीण गेली. बाळ वाचलं. डॉक्टर म्हणाले, रक्त वेळेवर मिळालं असतं तरी खात्री देता आली नसती. त्यांनी म्हणावं, आम्ही कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्या गटाचा, यादीतलाच एक वेल्डिंगवाला तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहत होता. त्याला कळलं ते तिची मयत त्याच्या दारावरून गेली तेव्हा.

निर्ण्यात सगळ्यांना वाटलं, लाइट गेल्यामुळं मशीन बिघडलं. कुणी त्याला बोल लावला नाही. तो गप्प बसला असता तर आजही कुणाला कळलं नसतं. तिसऱ्या दिवशी तो निघाला, मीही बरोबर गेले. वाटेत म्हणाले, "कशाला सांगतोस? कुणी विचारलंय का?"

"आजोबाला जावंच लागायचं, अक्का," तो म्हणाला. "आज मला बी जावंच लागायलंय."

त्या बाईचं घर धनगराचं. मेंढरं कधीच विकलेली, ती कोंडायच्या वाघरात आता तुरीची पोती. त्यानं चौकटीवर दोनदा टकटक केली. तिचा नवरा आणि सासू समोर येऊन बसले. ह्यानं सगळं सांगितलं. खोट कधी कळली, मेल कधी आला, कार्यक्रम होता म्हणून बोललो नाही. "मला ठावं होतं. पाच दिस ठावं होतं. मी सांगितलं न्हाई."

नवरा एवढंच म्हणाला, "फोन तर होता की तुझ्याजवळ."

आता हा माझ्याकडे बोट करणार, केलंच पाहिजे, असं मला वाटलं. सासूनं विचारलंही, "ह्या बाई कोण?"

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "आमच्या अक्का. टायपिंग शिकिवत्यात. सोबतीला आल्यात."

"बरं," म्हातारी म्हणाली. "उन्हाचं आलाव. पाणी घ्या."

त्यानं तांब्याला हात लावला नाही. मी ते पाणी प्यायले.

त्यानंतर तो लाल वही घेऊन गावोगाव फिरला. ज्या ज्या घरी, शाळेत, मंडळात सीडी दिली होती तिथं जाऊन खोट सांगितली, बिघडलेल्या याद्या लोकांना विचारून विचारून तिन्ही लिप्यांत हातानं लिहून दिल्या. शिव्या खाल्ल्या. आळंदकडं एका शाळेत तर त्याला दारातच उभं केलं. पेपरला बातमी पाठवली, "खोट कळूनही मी लपवली." ती छापून आली, आणि तिच्यात माझं नाव नव्हतं. वडिलांनी ती कापून पाकिटात ठेवली. शेवटच्या दहा-बारा गावांना मास्तर स्वतः त्याच्याबरोबर गेले, दौत आणि कागद घेऊन.

दुरुस्त सीडी आली तोवर तो हैदराबादला जायला निघाला होता. जीपमध्ये बसताना त्याचा हात सवयीनं पत्र्याकडं गेला आणि तिथंच थांबला. "येतो, अक्का," म्हणाला. पुन्हा आला नाही. पुढं मास्तर वारले तेव्हा मी त्याला कळवायला बघितलं, पण पत्ता कुणाकडेच नव्हता.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीच्या लग्नाला मी निर्ण्याला गेले होते. डेअरीत डोकावले. भिंतीवर त्याच्या हातची यादी अजून आहे, वर प्लास्टिक लावलेलं. पहिलं नाव त्याचं स्वतःचं, पुढं फोन नंबर. मी तिथंच उभी राहून तो लावला. फोनमधली बाई बोलली, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

"लई सरळ माणूस," सेक्रेटरी म्हणाला. "चूक कोण कबूल करतंय आजकाल?"

मी मान हलवली. लग्नाच्या मांडवाकडं जायचं सोडून मी उलट्या गल्लीला वळले. घर तेच होतं. चौकटीवर दोन बोटांनी दोनदा टकटक केली.

म्हातारी बाहेर आली. कमरेत वाकलेली, पण नजर शाबूत. तिच्या मागं शाळेच्या कपड्यात एक मुलगी उभी होती, आईच्या माघारी वाढलेली. म्हातारीनं मला ओळखलं. "टायपिंगच्या बाई न्हवं? या की. बसा. पाणी आणू?"

"पाणी नको," मी म्हणाले. "आधी ऐका."