भ्यालेलं कुत्रं

जळकोटजवळ आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आलेली ती धनगरीण मला एकदाच भेटली. माझा कुत्रा तिच्या कोकरांवर भुंकत सुटला, तशी मी काठी उगारली. तिनं ती वरच्या वर धरली.

"भ्यालंय ते, मालक. मारू नका."

"धाकाशिवाय कुत्रं ऐकत न्हाय, मावशी," मी चिडून म्हणालो.

तिनं खांद्यावरची घोंगडी बांधावर टाकली. तिचा कुत्रा न सांगता येऊन घोंगडीच्या राखणीला बसला.

"तुमचं बरं ऐकतंय?"

"आधी म्या त्याचं ऐकते. त्यानं कान टवकारलं की मेंढरं थांबवते."

"आमाला एवढा वेळ न्हाय."

तिनं काठी माझ्या हातात परत दिली.

"मग लांडगा आला की हिलाच हाक मारा."